मामाल आहार ते मावळ मतदारसंघ : पुणे जिल्ह्यातील उपविभागांची नावे आणि सीमा

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या प्रवेश-अर्जात ‘तालुका’ असा एक रकाना असतो. काळेवाडी, थेरगाव, वाकड या परिसरातील विद्यार्थी त्या रकान्यात कधी ‘हवेली’ लिहितात, कधी ‘मुळशी’, कधी ‘पुणे शहर’, तर कधी सरळ ‘पिंपरी-चिंचवड’. या गोंधळाला हसण्याचे कारण नाही. पिंपरी वाघेरे येथील जमिनीच्या खरेदीखतात तालुका हवेली असतो, तर त्याच महानगरपालिकेच्या हद्दीतील वाकडच्या खरेदीखतात तालुका मुळशी असतो. पाणी, रस्ते आणि मालमत्ता कर यांचा कारभार मात्र दोन्हीकडे एकाच महानगरपालिकेच्या हाती आहे. आपण नेमके कोठले, या साध्या प्रश्नाला शासनाच्या कागदांतच एकापेक्षा अधिक उत्तरे असतील, तर विद्यार्थ्याने कोणते खरे मानावे?

जिल्हा, तालुका, परगणा, तर्फ हे शब्द इतिहासाच्या अभ्यासात आपण रोज वापरतो. तथापि त्यांच्यामागील प्रदेश स्थिर नाही, हे भान बहुतेक वेळा सुटते. नाव आणि सीमा या दोन स्वतंत्र वस्तू असून त्यांचे आयुष्यही वेगवेगळे असते. नाव पुष्कळदा सीमेपेक्षा दीर्घायुषी ठरते; आणि सीमेपासून सुटलेले नाव भलत्याच भूमीवर जाऊन बसते. पुणे जिल्ह्याच्या उदाहरणावरून हे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. पुणे जिल्ह्याच्या विभाजनाची मागणी अलीकडे जाहीरपणे होत असल्यामुळे या विषयास निव्वळ पुराव्याच्या चिकित्सेपलीकडचे महत्त्वही आले आहे.

भूमीने दिलेली नावे

पुणे जिल्ह्यातील प्रादेशिक विभागांच्या नावांत सर्वांत प्राचीन व अखंड चालत आलेले नाव ‘मावळ’ हेच होय. कार्ले येथील चैत्यगृहावरील सातवाहनकालीन लेखात वलूरक येथील लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंना करजक नावाचे गाव दिल्याचा उल्लेख आहे. हे गाव ‘मामाल’ आहारात उत्तरमार्गावर असल्याचे तेथे सांगितले असून, संबंधित आज्ञा मामाल येथील अमात्यास उद्देशून आहे. ‘आहार’ हा सातवाहनांचा प्रशासकीय विभाग होता. नाशिकच्या लेखांतील गोवर्धन आहार, तसेच सोपारक आहार ही त्याची इतर परिचित उदाहरणे. त्यांपैकी मामाल हे नाव मावळ या रूपाने आजही तालुक्याचे नाव म्हणून चालू आहे. एखाद्या प्रशासकीय विभागाचे नाव सुमारे अठराशे वर्षे त्याच भूभागात टिकून राहावे, ही गोष्ट महाराष्ट्रात दुर्मीळ आहे.

त्यानंतरच्या काळात राष्ट्रकूट कृष्ण पहिला याच्या इ. स. ७६८ च्या तळेगाव ताम्रपटात ‘पूनक विषय’ येतो. ‘आहार’ जाऊन ‘विषय’ आला, पण त्याची व्याप्ती आजच्या जिल्ह्याएवढी होती असे समजण्यास कोणताही आधार नाही. पूनक विषयाला ‘प्राचीन पुणे जिल्हा’ म्हणण्याची सवय टाळलेली बरी.

मध्ययुगातील परिभाषा अधिक गुंतागुंतीची, पण अधिक बोलकी आहे. सुभा, प्रांत, परगणा, महाल, तर्फ आणि शेवटी मौजा अशी ही उतरंड होती. मात्र ती सर्वत्र सारखी नव्हती. घाटमाथ्याखालच्या डोंगरी मुलखात तर खऱ्या अर्थाने ‘मावळ’ आणि ‘खोरे’ हेच विभाग होते. पवना नदीचे पवन मावळ, आंद्रेचे आंदर मावळ, गुंजवणीचे गुंजण मावळ, कानंदीचे कानद खोरे, मोसेचे मोसे खोरे, मुठेचे मुठे खोरे, वेळवंडीचे वेळवंड खोरे. ‘बारा मावळां’च्या याद्या वेगवेगळ्या साधनांत वेगवेगळ्या मिळतात, आणि त्यांचा मेळ घालण्यात संशोधकांची बरीच शाई खर्ची पडली आहे. प्रस्तुत लेखकास तो खटाटोप काहीसा अनाठायी वाटतो. ‘बारा’ ही संख्या येथे मोजणीची नसून समूहवाचक असावी; जशी ‘बारा बलुती’ म्हणताना प्रत्येक गावात मोजून बारा बलुतेदार असतातच असे नाही. महत्त्वाची गोष्ट अशी की, या विभागांना नाव नदीने दिले आणि त्यांची सीमा पाणलोटाने ठरविली. ज्या डोंगरधारेच्या अलीकडचे पाणी एका नदीला व पलीकडचे दुसऱ्या नदीला जाते, ती धार म्हणजे सीमा. ती नकाशाशिवायही ओळखता येत असे.

प्रत्येक खोऱ्याला देशमुख होता. रोहिड खोऱ्याचे जेधे, हिरडस मावळचे बांदल, गुंजण मावळचे शिळीमकर, मोसे खोऱ्याचे पासलकर ही घराणी शिवकाळाच्या वाचकांस परिचित आहेत. भूगोल, वतन आणि नाव या तिन्ही गोष्टी येथे एकमेकींशी जखडलेल्या होत्या. म्हणूनच राजसत्ता निजामशाहीची असो, आदिलशाहीची असो वा स्वराज्याची, मावळांची नावे बदलली नाहीत.

जुन्नरकडे हाच प्रकार ‘नेर’ या पदाने दिसतो. मीना नदीचे मिन्हेर, कुकडीचे कुकडनेर, भीमेचे भीमनेर. यांपैकी काही नावे गावांच्या महसुली नावांच्या शेवटी आजही चिकटून आहेत. जुन्नर तालुक्यात हिवरे नावाची दोन गावे आहेत : एक ‘हिवरे तर्फे नारायणगाव’ आणि दुसरे ‘हिवरे तर्फे मिन्हेर’. तर्फ हा विभाग कारभारातून केव्हाच नाहीसा झाला. पण दोन हिवऱ्यांत फरक करण्यासाठी तलाठ्याला त्याची गरज राहिली आणि एक लुप्त विभाग सातबाराच्या उताऱ्यावर जिवंत राहिला. स्थलनामांच्या अभ्यासकाने अशा ‘तर्फे’ असलेल्या गावांची तालुकावार नोंद करून ती नकाशावर मांडली, तर मराठेशाहीतील तर्फांच्या सीमा बऱ्याच अंशी पुन्हा उभ्या करता येतील. हे काम पदव्युत्तर प्रबंधासाठी सर्वथा योग्य आहे.

पूर्वेकडील सपाटीवर खोरे नाही; तेथे नदीचा काठ म्हणजे ‘थडी’ हे एकक आले. भीमेकाठची भीमथडी, नीरेकाठची नीरथडी. पुरंदरच्या बाजूस कऱ्हा नदीवरून कऱ्हेपठार. काही विभाग संख्येवरून ओळखले जात. चाकणचा उल्लेख ‘चाकण चौऱ्याऐंशी’ असा होतो, तो त्याखालील गावांच्या संख्येवरून. गोव्यातील तिसवाडी, बारदेश आणि साष्टी ही नावेही अनुक्रमे तीस, बारा आणि सहासष्ट या संख्यांशी जोडली जातात. १९८७ मध्ये गोव्याचे जिल्हे झाले तेव्हा त्यांना ‘उत्तर’ आणि ‘दक्षिण’ एवढीच दिशावाचक नावे मिळाली; संख्यावाचक जुनी नावे तालुक्यांकडेच राहिली.

याला एक ठळक अपवाद आहे, तो ‘हवेली’चा. हवेली हे नाव भूमीचे नसून सत्तेच्या निवासाचे आहे. मुख्य ठाण्याच्या भोवतालचा, थेट ठाण्याकडे लावलेला मुलूख तो हवेली. पुण्याभोवतीचा तालुका आजही हवेलीच म्हणविला जातो. अशा नावाचे वैशिष्ट्य हे की, त्याला स्वतःचा नैसर्गिक आकार नसतो. शहर वाढेल तशी हवेली आक्रसते.

शीव आणि तिची साक्ष

येथे थोडे थांबून सीमा म्हणजे काय होते, हे पाहणे आवश्यक आहे. आज आपण जिल्ह्याची सीमा म्हटले की नकाशावरील रेघ डोळ्यांपुढे आणतो. मराठेशाहीत अशी रेघ नव्हती. परगण्याची सीमा म्हणजे त्याच्या कडेच्या गावांच्या शिवांची बेरीज. आणि गावाची शीव म्हणजे ओढा, झाड, वारूळ, उभा दगड आणि ते कोठे आहेत हे सांगणारी माणसे. शिवेचा तंटा उभा राहिला की गोतसभा बसे, दोन्ही गावांचे वतनदार व आसपासच्या गावचे पाटील-कुळकर्णी साक्षीस येत, आणि निवाडा महजरात नमूद होई. शीव प्रत्यक्ष चालून दाखविण्याचे काम पुष्कळदा गावच्या महाराकडे असे. गावाच्या व्यवस्थेत ज्याला शिवेबाहेर राहावे लागे, त्याचाच शब्द शिवेबाबत प्रमाण मानला जाई, ही विसंगती नोंदविण्याजोगी आहे. वतनासाठी म्हणून महजर जपले गेले. महारांच्या तोंडची ती भूगोलाची माहिती मात्र फार थोडी कागदावर उतरली.

शिवाय एका गावावर एकच सत्ता असे असेच नाही. इनाम, जहागीर, मोकासा, सरदेशमुखी अशा हक्कांमुळे गाव एका परगण्यात, त्याचा वसूल दुसरीकडे, अशी स्थिती सर्रास असे. काळेवाडीच्या शेजारच्या चिंचवडचेच उदाहरण घेता येईल. मोरया गोसावींच्या परंपरेतील देव घराण्याकडे देवस्थानाच्या खर्चासाठी इनाम गावे होती. अशा गावांना परगण्याच्या यादीत स्थान असले, तरी त्यांचा वसूल देवस्थानाकडे जाई. त्यामुळे शिवकालीन किंवा पेशवेकालीन पुण्याचा नकाशा एका रंगात रंगविणे हे सोयीचे असले तरी बरोबर नाही.

ही स्थिती पालटली ती मोजणीमुळे. पुणे भागात प्रिंगल याने १८२७ नंतरच्या काळात केलेली मोजणी व आकारणी फसली. त्यानंतर १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि त्यापाठोपाठ विंगेट यांनी इंदापुरापासून नव्या पद्धतीच्या मोजणीस प्रारंभ केला. पुढे मुंबई इलाख्यात ठिकठिकाणी राबविल्या गेलेल्या महसुली पद्धतीची पायाभरणी अशी पुणे जिल्ह्यात झाली. जमिनीला क्रमांक मिळाला, बांधाला दगड मिळाला आणि माणसाच्या साक्षीची जागा साखळीच्या मापाने घेतली. आजची कोणतीही जिल्हासीमा शेवटी या क्रमांकांवर उभी आहे.

कचेरीची नावे

१८१८ मध्ये पेशवाई संपल्यानंतर एल्फिन्स्टनच्या देखरेखीखाली दख्खनची विभागणी पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाडकडील कर्नाटक अशा जिल्ह्यांत झाली; साताऱ्याचा मुलूख छत्रपती प्रतापसिंहांकडे राहिला. पुण्याचा पहिला कलेक्टर रॉबर्ट्सन. या वेळी ‘जिल्हा’ हा शब्द नवीन अर्थाने रूढ झाला : एका कलेक्टरच्या अखत्यारीतील सलग प्रदेश. सलगता हे त्याचे तत्त्व होते आणि त्यासाठी संस्थानिकांशी व सरदारांशी गावांची अदलाबदल बराच काळ चालू होती.

याच काळात नामकरणाची रीतही बदलली. जिल्ह्याला नाव मिळाले ते कलेक्टरच्या कचेरीच्या गावाचे. खानदेश हे प्रदेशाचे नाव काही काळ जिल्ह्यास टिकले. १९०६ मध्ये त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले आणि महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेच्या सुमारास तेही जाऊन जळगाव व धुळे ही कचेऱ्यांची नावे आली. दक्षिण सातारा जिल्ह्याचे १९६० मध्ये सांगली झाले. प्रदेशवाचक नावे मागे पडून ठाण्याची नावे पुढे आली, असा हा एकूण प्रवाह आहे.

तालुक्यांच्या पातळीवर मात्र जुनी नावे अधिक चिवट ठरली. १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुणे गॅझेटियरमध्ये जिल्ह्याचे आठ तालुके दिले आहेत : जुन्नर, खेड, मावळ, हवेली, शिरूर, पुरंदर, भीमथडी आणि इंदापूर. त्यांत मावळ खोऱ्यांचे, भीमथडी नदीकाठची, पुरंदर किल्ल्याचा आणि हवेली ठाण्याची. त्याआधी पाबळ हाही एक तालुका होता; पाबळ आज शिरूर तालुक्यातील एक गाव आहे. भीमथडी पुढे बारामती आणि दौंड अशा दोन तालुक्यांत विभागली गेली. एकाला बाजारपेठेचे नाव मिळाले, दुसऱ्याला रेल्वेच्या जंक्शनचे. ज्या भीमथडीच्या तट्टांनी मराठ्यांच्या फौजा वाहिल्या, ती भीमथडी आज सरकारी कागदांत नाही. पुण्यात दरवर्षी भरणाऱ्या एका जत्रेच्या नावात तेवढी उरली आहे.

काही तालुक्यांची नावे तर अशी आहेत की, नाव राहिले आणि गाव गेले. आंबेगाव तालुक्याचे मुख्य ठिकाण घोडेगाव; आणि ज्या आंबेगावावरून तालुक्यास नाव पडले ते घोड नदीकाठचे जुने गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले आहे. मुळशीची कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखालील १९२१ च्या सत्याग्रहानंतरही मुळशी पेट्यातील अनेक गावे धरणाने गिळली. तालुक्याची कचेरी पौडास आहे. खेडचा प्रकार आणखी वेगळा. हुतात्मा राजगुरूंच्या स्मरणार्थ गावाचे नाव राजगुरुनगर झाले, तालुका मात्र खेडच राहिला.

भोर संस्थानाचा तिढा

पुणे जिल्ह्याच्या आजच्या आकारास कारणीभूत झालेली एक घटना बहुधा दुर्लक्षित राहते. ती म्हणजे भोर संस्थानाचे विलीनीकरण. पंत सचिवांच्या या संस्थानाचे पाच तालुके होते : विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड. यांतील चार नावे किल्ल्यांची आहेत (विचित्रगड म्हणजे रोहिडा, प्रचंडगड म्हणजे तोरणा) आणि एक नदीच्या खोऱ्याचे. इंग्रजी मुलखात कचेरीची नावे पुढे येत असताना या संस्थानाने शिवकालीन नावांचीच परिभाषा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालविली.

८ मार्च १९४८ रोजी दख्खनमधील संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. सुधागड घाटाखाली कुलाबा जिल्ह्यात गेला आणि त्याच नावाने तालुका म्हणून राहिला. घाटावरचा मुलूख पुणे जिल्ह्यात आला. त्यात भोर आणि वेल्हे असे तालुके पडले. पवनमावळातील तिकोना व तुंग हे किल्ले आज मावळ तालुक्यात आहेत. पवनमावळ हे प्रशासकीय नाव येथे संपले. १८८५ च्या गॅझेटियरमधील पुणे जिल्हा सुमारे ५,३५० चौरस मैलांचा, म्हणजे अंदाजे १३,८५० चौरस किलोमीटरचा होता. २०११ च्या जनगणनेत तो १५,६४३ चौरस किलोमीटर आहे. या वाढीचे एक प्रमुख कारण भोर होय. तेव्हा १८८१ आणि २०११ च्या ‘पुणे जिल्ह्या’च्या लोकसंख्येची सरळ तुलना करणारे तक्ते आपल्या प्रबंधांतून सर्रास आढळतात, त्यांत दोन वेगवेगळ्या प्रदेशांची तुलना होत असते. १८८१ चे सुमारे नऊ लाख आणि २०११ चे ९४,२९,४०८ यांच्यामधील अंतर केवळ जन्ममृत्यू आणि स्थलांतराचे नाही. त्यात एका संस्थानाचा मुलूखही आहे. संख्येने तो भाग मोठा नसेल, परंतु भोर-वेल्ह्यासारख्या डोंगरी तालुक्यांचा अभ्यास करताना ही चूक निष्कर्षच उलटा करू शकते.

वेल्हे तालुक्याचे नाव ‘राजगड’ करण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली. या निर्णयाची चर्चा नामांतर म्हणून झाली. वस्तुतः राजगड हे तालुक्याचे नाव १९४८ मधील विलीनीकरणापर्यंत प्रचलित होते. पण त्या राजगड तालुक्याची हद्द आणि वेल्ह्याची हद्द एक नव्हे, कारण तोरण्याचा प्रचंडगड तालुका तेव्हा स्वतंत्र होता. जुने नाव परत येते तेव्हा जुनी सीमा त्यासोबत येत नाही.

वेल्समधील एक दाखला

नाव आणि सीमा यांची ही फारकत आपल्यापुरती मर्यादित नाही. ब्रिटनमधील वेल्स या प्रदेशाचा दाखला येथे उपयुक्त ठरतो, कारण तेथे हा प्रयोग जाणीवपूर्वक आणि दोनदा झाला. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने वेल्स जिंकल्यावर १२८४ च्या रुडलन येथील कायद्याने तेथे इंग्रजी धर्तीचे परगणे पाडण्यास प्रारंभ केला. १५३६ च्या कायद्याने ही रचना पूर्ण होऊन एकूण तेरा परगणे झाले. कार्नार्व्हनशर, फ्लिंटशर, पेंब्रुकशर अशी त्यांची बरीचशी नावे किल्ल्याच्या किंवा ठाण्याच्या गावावरून आली. आपल्याकडील कलेक्टर-कचेरीच्या नावांशी त्यांचे साम्य उघड आहे.

१९७४ मध्ये ही रचना रद्द करून आठ मोठे परगणे करण्यात आले आणि त्यांतील अनेकांना एडवर्डपूर्व वेल्श राज्यांची व प्रदेशांची नावे देण्यात आली : ग्विनेद, पोविस, डव्हेद, ग्वेंट. पुनरुज्जीवित नावांना लोकांनी काही ठिकाणी स्वीकारले, काही ठिकाणी नाही. १९९६ मध्ये पुन्हा फेररचना होऊन बावीस स्वराज्य संस्था आल्या. डव्हेद, क्लुइड व ग्वेंट यांच्या परिषदा संपल्या. पेंब्रुकशर, कार्मार्थनशर ही जुनी नावे परतली. पोविस जवळजवळ आहे तसे राहिले. ग्विनेदने अँगलसी बेट गमावले, पण नाव सोडले नाही. आणि नाहीशा झालेल्या डव्हेदचे नाव पोलीस दलाच्या नावात अद्याप आहे. म्हणजे एकाच माणसाचा नगरकारभार एका नावाखाली, पोलीस दुसऱ्या नावाखाली आणि समारंभी मानमरातब तिसऱ्या हद्दीत.

महाराष्ट्रात याला जवळचे उदाहरण १९८१ चे. त्या वर्षी कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले आणि रत्नागिरीतून वेगळ्या काढलेल्या नव्या जिल्ह्यास सिंधुदुर्ग हे नाव मिळाले. दोन्ही नावे किल्ल्यांची, कचेरीची नव्हेत. रायगडचे मुख्यालय अलिबाग, सिंधुदुर्गचे ओरोस. ही नावे चटकन रुजली. याचे एक कारण नावामागील भावना हे आहेच. दुसरे, ज्याकडे कमी लक्ष जाते, ते असे की कुलाब्याचे रायगड होताना सीमेला धक्का लागला नव्हता. लोकांच्या सवयीतील कचेरी, बाजार आणि कोर्ट जागेवरच राहिले. वेल्समध्ये १९७४ साली नाव आणि सीमा दोन्ही एकदम बदलल्या होत्या. मात्र सिंधुदुर्ग नव्या सीमेसह रुजला, तेव्हा हा नियम म्हणून मांडता येणार नाही, हेही मान्य केले पाहिजे.

१९६० मधील २६ जिल्ह्यांचे २०१४ मध्ये पालघर होईपर्यंत ३६ जिल्हे झाले. जालना, लातूर, गडचिरोली, वाशीम, नंदुरबार, हिंगोली, गोंदिया ही सारी नावे पुन्हा मुख्यालयाचीच आहेत. २०२३ मधील छत्रपती संभाजीनगर व धाराशिव आणि २०२४ मधील अहिल्यानगर या नामांतरांत सीमा बदललेल्या नाहीत. त्यांची चर्चा येथे करीत नाही. फक्त एवढे नमूद करतो की शहर आणि जिल्हा ही कायद्याच्या दृष्टीने वेगवेगळी नावे आहेत, आणि २०२३ पूर्वीचा दस्तऐवज उद्धृत करताना त्यातील नाव जसेच्या तसे ठेवणे हे संशोधकाचे कर्तव्यच आहे.

एक वस्ती, अनेक हद्दी

आता काळेवाडीकडे परत येऊ. ‘वाडी’ हे पद मूळ गावापासून फुटलेल्या, बहुधा एका आडनावाच्या वस्तीला लागते. ज्या पवनेकाठी ही वस्ती आहे, तिच्याच वरच्या खोऱ्याला पवन मावळ म्हणत. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी ही गावे मिळून नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली, १९९७ मध्ये सभोवतालची गावे तीत आली आणि २००९ मध्ये ताथवडे. २०११ च्या जनगणनेत महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या १७,२७,६९२ होती. १८८१ च्या संपूर्ण पुणे जिल्ह्याच्या जवळजवळ दुप्पट लोक आज हवेली-मुळशीच्या सीमेवरील या पट्ट्यात राहतात; पण त्याच्या नावाचा जिल्हा नाही.

मात्र त्याच्या नावाचे पोलीस आयुक्तालय आहे. १५ ऑगस्ट २०१८ रोजी सुरू झालेल्या पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत चाकण, आळंदी, तळेगाव आणि हिंजवडी येतात. म्हणजे खेड, मावळ व मुळशी या तिन्ही तालुक्यांचे तुकडे. परिवहन विभागाच्या दृष्टीने मावळ, खेड, आंबेगाव व जुन्नर येथील वाहने पिंपरी-चिंचवडच्या ‘एमएच १४’ या क्रमांकाची. चाकणचा तालुका कधी झाला नाही. परंतु महाळुंगे, निघोजे, खालुंब्रे, वराळे या गावांच्या शिवारांत कारखाने उभे राहिल्यावर या सर्वांना मिळून ‘चाकण’ असेच म्हटले जाऊ लागले. परगण्याचे नाव असे औद्योगिक पट्ट्याच्या रूपाने परत आले आणि त्याची व्याप्ती पुन्हा गावांच्या समूहाएवढी झाली, हे गमतीचे आहे.

सर्वांत विलक्षण स्थिती ‘मावळ’ची. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेनुसार झालेल्या मावळ लोकसभा मतदारसंघात मावळ, चिंचवड व पिंपरी यांच्यासह रायगड जिल्ह्यातील पनवेल, कर्जत व उरण हे विधानसभा मतदारसंघ आहेत. उरण समुद्रकाठी आहे. उलट गुंजण मावळ, रोहिड खोरे, मोसे खोरे, कानद खोरे हा शिवकालीन मावळांचा गाभा भोर विधानसभा मतदारसंघातून बारामती लोकसभा मतदारसंघात गेला आहे. मावळे ज्या खोऱ्यांतून निघाले ती मावळाबाहेर, आणि घाटाखालचे बंदर मावळात. लोकसंख्येचा समतोल साधण्यासाठी केलेल्या पुनर्रचनेला याबद्दल दोष देता येणार नाही. परंतु शंभर वर्षांनी एखादा अभ्यासक निवडणुकीच्या आकडेवारीवरून ‘मावळ प्रांता’च्या राजकीय प्रवृत्तीबद्दल विधान करू लागेल, तेव्हा त्याला कोणी तरी सावध करावयास हवे. कार्ल्याच्या लेखातील मामालाची व्याप्ती निश्चित करताना आपणही अशीच चूक करीत नसू, असे खात्रीने कोणी सांगावे?

शिवनेरीचा प्रश्न

जिल्ह्याच्या उत्तर भागाचा ‘शिवनेरी’ नावाचा स्वतंत्र जिल्हा व्हावा, अशी मागणी आहे. या नावाला भावनिक आधाराबरोबरच कागदोपत्री आधारही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील इंग्रजी महसुली कागदांत जुन्नरकडील तालुका ‘शिवनेर’ या नावाने येतो, आणि पेशवाईत जुन्नर हा पुण्याहून निराळा प्रांत होता. तथापि ते शिवनेर जुन्नरपुरते होते. प्रस्तावित जिल्ह्यात खेड, चाकण, भोसरी किंवा पवनेचा काठ येणार असेल, तर किल्ल्याचे नाव त्याच्या जुन्या हद्दीच्या बरेच दक्षिणेस येईल. जसे मावळ पश्चिमेस समुद्रापर्यंत गेले. हे होऊ नये असे नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४ नुसार अधिसूचना काढून शासनास सीमा बदलता येतात, आणि औद्योगिक पट्ट्यातील नागरिकास जवळची कचेरी मिळण्याचा हक्क आहेच.

मागणी आहे ती एवढीच की, अधिसूचनेबरोबर गावनिहाय यादी प्रसिद्ध व्हावी : कोणते गाव कोणत्या तारखेपर्यंत कोणत्या तालुक्यात होते, त्याआधी कोठे होते, आणि त्याच्या नावातील ‘तर्फे’ काढून टाकले असल्यास ते काय होते. संगणकीकृत अभिलेखांत गावांची नावे ‘सुटसुटीत’ करण्याचा मोह होतो, आणि हिवरे तर्फे मिन्हेर हे केवळ ‘हिवरे’ होण्यास एक कळ पुरेशी असते. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दप्तरात प्रांत अजमासाचे रुमाल प्रांतवार बांधलेले आहेत. त्यांतील गावे शोधणाऱ्यास आजच्या जिल्ह्याची यादी घेऊन जाता येत नाही. त्याला परगणा आणि तर्फ सांगावी लागते.